क्रोन्समधलं भगंदर: आधी दोरा, मग औषध

शहरात हिंडताना मूळव्याध आणि भगंदरावरच्या लेसर उपचारांच्या पाट्या नजरेस पडतात. साध्या भगंदराचे रोगी अशा उपचारांनी बरेही होतात. पण ज्याला क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार आहे, त्यानं शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि क्रोन्सचं निदान झालेलं नसेल, पण भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल, तोंडं अनेक असतील, जोडीला जुलाब नि वजन घटणं असेल, तर कोलोनोस्कोपीबद्दल स्वतःहून विचारावं. काहींना आतड्याच्या तक्रारींच्या आधी भगंदरच होतं.

साधं भगंदर बहुधा गुदद्वाराजवळच्या ग्रंथीत पू होऊन सुरू होतं. क्रोन्समध्ये आतड्याची भिंत पूर्ण जाडीभर सुजू शकते. ती सूज शमली नाही, तर कापलेली जखम महिनोन् महिने भरत नाही. शिवाय शौच रोखून धरणारा स्नायू कापला गेला, तर आधीच पातळ शौचाला होणाऱ्या माणसाचा ताबा सुटू शकतो. म्हणून इथं सर्जनचा संयम मला फार मोलाचा वाटतो.

एमआरआयवर भगंदराच्या वाटा कुठून कुठे जातात ते बघतात. मग भूल देऊन तपासणी होते. गळू असेल तर पू काढतात. बाहेरच्या तोंडातून बोथट सळई हलकेच आतल्या तोंडापर्यंत नेतात, तिच्यामागून मऊ सिलिकॉनचा दोरा ओढून घेतात आणि त्याची टोकं बाहेर सैल बांधतात. हा सीटॉन. बाहेरचं तोंड मिटून आत पू कोंडू नये, एवढंच त्याचं काम. दोरा घातल्यावरही पाणी येत राहतं, पॅड लावावं लागतं. पुष्कळजण त्यानं घाबरतात, पण निचरा होतोय याचीच ती खूण आहे. कोमट पाण्यात बसल्यानं आराम पडतो.

आपल्याकडे दोरा म्हटलं की आयुर्वेदातलं क्षारसूत्र आठवतं. आयसीएमआरच्या 1991 च्या चाचणीत त्यानं जखम भरायला वेळ जास्त लागला, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी होतं. मात्र क्षारसूत्र हळूहळू कापत जातं, आणि क्रोन्समध्ये नेमकं कापणंच टाळायचं असतं.

निचरा झाला की पाळी औषधाची. सूज शमवणारं इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात: पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे साधारण दर आठ आठवड्यांनी. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी चुकवू नये, कारण दबून राहिलेला टीबी या औषधानं उसळू शकतो. आतड्याचा टीबी तर दिसतोही क्रोन्ससारखाच.

सूज उतरल्यावर दोरा काढतात. गुदाशय निरोगी दिसत असेल, तर आतलं तोंड अस्तराच्या पडद्यानं झाकता येतं, किंवा स्नायूंच्या मधल्या फटीत वाट बांधून तोडता येते. ही दुसरी पद्धत, लिफ्ट, थायलंडमधून 2007 साली पुढे आली. कशानंच भागलं नाही, तर पोटावर तात्पुरता शौचमार्ग काढून खालच्या भागाला विश्रांती देतात. त्याची भीती वाटणं साहजिक आहे, तरी सततच्या पुवापेक्षा काहींना तो सुसह्य होतो.

बाहेरचं तोंड सुकलं, तरी आतली वाट जिवंत असू शकते. औषध कमी करायचं की नाही, हे म्हणूनच नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेवर न ठरवता एमआरआय पुन्हा करून ठरवलेलं बरं.