जर्सी त्यांची, माप कोणाचे?

पनवेल-उरण पट्ट्यातील करंजा हे मच्छीमारांचे जुने बंदर. येथून काही किलोमीटरवर न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे आणि जगाच्या कानाकोपऱ्यातील कंटेनर तेथे उतरतात. समजा, इंग्लंडमधील एखाद्या क्रिकेट क्लबने जुन्या बॅटी, पॅड, हेल्मेट आणि जर्सी गोळा करून एक मोठा खोका करंजाच्या मुलांसाठी जहाजात चढवला, तर त्याचे पुढे काय होईल? खोका कल्पित असला, तरी त्याच्या वाटेवरील अडचणी खऱ्या आहेत. क्रीडा संघांनी परदेशातील गरीब मुलांना कपडे व साहित्य देण्याची प्रथा जगभर रूढ झाली असताना त्या समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

अडगळीतून मदतीकडे

श्रीमंत देशांतील संघांकडे दर हंगामाअखेर बरेच साहित्य उरते. प्रायोजक बदलला की जर्सी बाद होते, मुले वाढली की बूट लहान होतात. हे साहित्य फेकून देण्याऐवजी गरजूंकडे पोहोचवावे, हा विचार स्वागतार्हच आहे. लॉर्ड्स मैदानाजवळील मद्यगृहात १९५० मध्ये स्थापन झालेली 'लॉर्ड्स टॅव्हर्नर्स' ही संस्था क्लब आणि शाळांकडून वापरलेले क्रीडासाहित्य जमवते, त्याची छाननी करते आणि देशोदेशी पाठवते. छाननीचा हा टप्पा महत्त्वाचा. कारण फाटका पॅड दान केल्याने तो दुरुस्त होत नाही.

याच प्रथेची दुसरी बाजू अमेरिकी फुटबॉलमध्ये दिसते. 'सुपर बोल'च्या अंतिम सामन्यापूर्वीच दोन्ही संघांच्या नावाने विजयाचे टी-शर्ट छापून ठेवले जातात; सामना संपताच विक्री सुरू व्हावी, हा त्यामागील हेतू. साहजिकच पराभूत संघाचे टी-शर्ट निरुपयोगी ठरतात. २०११ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स हरल्यानंतर असे सुमारे एक लाख कपडे 'वर्ल्ड व्हिजन' या संस्थेमार्फत झांबिया, निकाराग्वा आदी देशांत पाठवण्याचे जाहीर झाले, तेव्हा मदतकार्याच्या अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतला. त्या मुलांना खरोखर टी-शर्टचीच गरज आहे का, की देणाऱ्याची अडचण दूर होते म्हणून ते दान ठरते, असा त्यांचा प्रश्न होता.

बंदरावरील अडथळा

आपल्या कल्पित खोक्याला पहिला अडथळा बंदरावरच येईल. भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेले कपडे 'प्रतिबंधित' वर्गात मोडतात. ते आणण्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. कापून पूर्णपणे निकामी केलेल्या चिंध्यांना मात्र मुभा आहे. अशा चिंध्यांपासून धागा आणि ब्लँकेट बनवण्याचा मोठा व्यवसाय पानिपतमध्ये चालतो. म्हणजे धडधाकट जर्सी अडकते आणि फाडलेली जर्सी आत येते.

हा नियम विचित्र वाटला, तरी त्यामागे देशातील कापड उद्योगाच्या संरक्षणाचा विचार आहे. आफ्रिकेतही हाच संघर्ष झाला. रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरील शुल्क किलोमागे ०.२० डॉलरवरून २.५० डॉलरवर नेले. त्यावर अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करसवलत स्थगित केली. फुकट किंवा स्वस्त आलेला कपडा स्थानिक शिंप्याच्या पोटावर पाय देऊ शकतो, हे येथे विसरता येत नाही.

कोणता खेळ, कोणते साहित्य?

परवाना मिळाला आणि खोका गावात पोहोचला, असे मानले तरी खरा प्रश्न उरतोच. रायगड जिल्ह्यातील गावांमध्ये प्रामुख्याने टेनिस चेंडूचे क्रिकेट आणि कबड्डी खेळली जाते. टेनिस चेंडूला पॅड आणि हेल्मेट लागत नाहीत; ते साहित्य कोपऱ्यात पडून राहण्याचीच शक्यता अधिक. कबड्डीची गरज तर वेगळीच आहे. मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्यापासून मातीवर अनवाणी सराव करणाऱ्या मुलांना मॅट आणि त्यावर घालायचे बूट हवे असतात. परंतु कोणत्याही इंग्लिश क्लबच्या अडगळीत कबड्डीची मॅट सापडणार नाही. देणारा आपल्याकडे उरलेले देतो आणि घेणाऱ्याला हवे असते ते वेगळेच. बहुतेक दान फसते ते येथे.

जर्सीवरील जाहिरातीचाही विचार हवा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील अनेक संघांच्या छातीवर वर्षानुवर्षे सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावे झळकली. २०२५-२६ च्या हंगामानंतर ती छातीवरून हटवण्याचा निर्णय क्लबांनी २०२३ मध्ये घेतला. तोवरच्या जर्सी उद्या दानाच्या गाठोड्यात येणारच. त्या दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर चढवायच्या का, हे देणाऱ्याने आधीच ठरवले पाहिजे.

चेंडूनंतर काय?

महाराष्ट्रातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात तुटक्या बादलीने फुटबॉल खेळणारी वस्तीतील मुले दिसली आणि त्यांनी त्यांना चेंडू दिला. ते तेवढ्यावर थांबले असते, तर काही महिन्यांत चेंडू फाटून गोष्ट संपली असती. त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये 'फिफा'चा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये या कार्यावर आधारित 'झुंड' हा चित्रपट आला.

मुंबईत कफ परेडजवळील आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये मुलांना फुटबॉल शिकवण्यास सुरुवात केली. शाळा सोडून ससून गोदीत कामाला लागणारे मित्र त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांच्या 'ऑस्कर फाउंडेशन'ने एक साधी अट घातली : शाळा नाही, तर फुटबॉल नाही. दोन्ही ठिकाणी चेंडू हे निमित्त होते. मुलांना टिकवून ठेवले ते रोज मैदानावर येणाऱ्या मोठ्या माणसाने.

द्यायचे तर कसे?

यातून साहित्य देऊच नये असा निष्कर्ष निघत नाही. चांगल्या बुटाअभावी घोटा दुखावतो आणि खेळण्याजोगे कपडे नसल्याने अनेक मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहतात, हेही तितकेच खरे. मात्र देणाऱ्या संघाने आधी मागणीची यादी मागवावी. मुलांचे वय, बुटांची मापे, मुलींची संख्या आणि गावात खेळला जाणारा खेळ एवढी माहिती मिळाली, तरी निम्मी नासाडी टळते. भारतात जालंधर आणि मेरठ ही क्रीडासाहित्याची मोठी उत्पादन केंद्रे आहेत. अशा देशात जुने चेंडू जहाजाने पाठवण्यापेक्षा वाहतुकीच्या खर्चातून नवे चेंडू येथेच विकत घेणे शहाणपणाचे. उरलेल्या पैशांतून गावातील एखाद्या तरुण प्रशिक्षकाला वर्षभर मानधन देता आले, तर त्याहून उत्तम.

करंजासारख्या गावासाठी खोका भरण्याची वेळ आलीच, तर त्याआधी एक पत्र पाठवावे. तुम्ही काय खेळता आणि तुम्हाला काय कमी पडते, एवढेच त्यात विचारावे. त्या मुलांच्या उत्तरावरच खोक्यात काय भरायचे, हे ठरले पाहिजे.