रोज एका मंडळीसाठी

इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चच्या बहुतेक धर्मप्रांतांत प्रार्थनेची एक दिनदर्शिका असते. प्रत्येक तारखेपुढे एखाद्या पॅरिशचं नाव, तिथले पाळक, कधी तिथली चर्चची शाळाही. त्या दिवशी इतर मंडळ्या तिच्यासाठी प्रार्थना करतात. हे चक्र मोठ्या शहरी कॅथेड्रलला आणि खेड्यातल्या मूठभर माणसांच्या देवळाला सारखाच मान देतं. मला त्यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. पाळकाची जागा रिकामी असली, तरी पॅरिशचं नाव गळत नाही. उलट तेव्हाच प्रार्थनेची गरज जास्त.

या रोजच्या चक्राखेरीज चर्चच्या वर्षातही प्रार्थनेचे खास दिवस असतात. हे वर्ष नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. त्यात चार वेळा ‘एम्बर’ दिवस येतात. 1662च्या सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकानुसार उपवासकाळाचा पहिला रविवार, पेंटेकॉस्ट, 14 सप्टेंबर आणि 13 डिसेंबर यांच्यानंतरचे बुधवार, शुक्रवार व शनिवार. दीक्षा घेणाऱ्या नव्या सेवकांसाठी तेव्हा खास प्रार्थना होते. बिशप, पाळक आणि त्यांच्या मंडळ्यांसाठीची प्रार्थना तर त्याच पुस्तकातल्या रोजच्या उपासनेत आहे.

जगभरच्या अँग्लिकन धर्मप्रांतांसाठीही असंच एक चक्र चालतं. 1970 साली नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया याच परिवारातलं, त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या मंडळ्यांसाठीही दूरदेशी हात जोडले जातात.