मेंदूतील रक्षकपेशींची ओळख : लक्षणाचे तीन दोष

पदार्थाचे लक्षण कसे सांगावे, याचा विचार आपल्याकडील न्यायशास्त्राने फार बारकाईने केला आहे. लक्षणाचे तीन दोष त्याने सांगितले : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. त्यासाठी परंपरेने दिले जाणारे उदाहरण गाईचे आहे. ‘जिला शिंगे ती गाय’ असे म्हटले, तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एकखुरी ती गाय’ म्हटले, तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. मराठीचा अध्यापक या नात्याने ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगितली. निवृत्तीनंतर मेंदूविषयीचे संशोधन कुतूहलाने वाचू लागलो, तेव्हा असे ध्यानात आले की, आधुनिक प्रयोगशाळाही याच तीन दोषांशी झगडत आहेत. स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने तोच विषय श्रोत्यांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहे.

मेंदू म्हटला की आपल्याला चेतापेशी आठवतात. परंतु त्यांच्या जोडीने मेंदूत इतरही पेशी असतात. त्यांना ‘ग्लिया’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ चिकटद्रव्य, खळ. एकोणिसाव्या शतकात या पेशींचे काम केवळ सांधेजोडीचे मानले गेले, म्हणून हे नाव पडले. १९१९ साली माद्रिदचे शास्त्रज्ञ पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून त्यांतील एक निराळी जात दाखवून दिली आणि तिला ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. लहान देहाच्या, बारीक फांद्या पसरलेल्या या पेशी मेंदूच्या रोगप्रतिकारक पेशी होत. मेंदूतील एकूण पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के असते. मेलेल्या पेशी गिळणे, बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणे, वाढत्या मेंदूतील चेतापेशींचे अनावश्यक सांधे छाटणे ही त्यांची कामे. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावून पाहिले गेले, तेव्हा निरोगी मेंदूतही या पेशी आपल्या फांद्या सतत हलवीत भोवतालची चाचपणी करीत असल्याचे दिसले. तोवर त्यांना ‘विश्रांत’ म्हणण्याची प्रथा होती.

रक्तातून येणाऱ्या भक्षकपेशी आणि मेंदूत कायम राहणाऱ्या या पेशी यांच्यात पुष्कळ साम्य आहे. वंश मात्र वेगळा आहे. प्रौढ वयात रक्तातील भक्षकपेशी अस्थिमज्जेतून तयार होतात. मायक्रोग्लियाचे पूर्वज गर्भावस्थेच्या अगदी आरंभी, पीतक कोशात जन्मतात आणि तेथून मेंदूत येऊन वसतात. २०१० साली उंदरांवरील प्रयोगांनी हे स्पष्ट झाले. आजारी मेंदूत मात्र कित्येकदा दोन्ही एकत्र येतात, फांद्या आखडून गोलसर होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसू लागतात. मग घरचा कोण आणि बाहेरून आलेला कोण, हे ठरवायचे कसे?

त्यासाठी प्रथिनांच्या खुणांचा आधार घेतला जातो. प्रत्येक जातीची पेशी काही ठरावीक प्रथिने तयार करते. त्या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करावयाचे, त्याला चमकणारा रंग जोडावयाचा आणि ते मेंदूच्या कापावर सोडावयाचे. जेथे प्रथिन असेल तेथे रंग उजळतो. युक्ती सुंदर आहे. परंतु खूण म्हणजे लक्षणच, आणि लक्षणाचे दोष तिला चुकत नाहीत.

पहिला दोष अतिव्याप्तीचा. ‘आयबा-१’ हे कॅल्शियमशी बद्ध होणारे प्रथिन पेशीच्या हालचालीस साह्य करते. १९९० नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी ते प्रकाशात आणले, आणि आज मायक्रोग्लिया रंगविण्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या खुणांपैकी ते एक आहे. त्याने पेशीच्या फांद्याही स्वच्छ उमटतात. पण रक्तातून आलेल्या आणि मेंदूच्या आवरणांत राहणाऱ्या भक्षकपेशींतही तेच प्रथिन असते. शिंगांवरून गाय ओळखण्यातलाच हा प्रकार. ‘सीडी-११बी’ची गत तीच. ‘सीडी-४५’ थोडे अधिक उपयोगी, कारण ते मायक्रोग्लियात कमी आणि रक्तातील पेशींत जास्त असते. मात्र पेशी उत्तेजित झाली की तिचे ‘सीडी-४५’ वाढते, आणि मधली रेषा पुसट होते.

दुसरा दोष अव्याप्तीचा, आणि तो अधिक फसवा. आपल्याच घरच्या पेशींची अशी खूण शोधता शोधता ‘पी-२-आर-वाय-१२’ आणि ‘टीमेम-११९’ ही प्रथिने पुढे आली. पहिले २०१४ च्या सुमारास मायक्रोग्लियाची खास खूण म्हणून मान्यता पावले. दुसऱ्यासाठीचे प्रतिपिंड २०१६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. निरोगी मेंदूत या खुणा उत्तम काम देतात. ‘पी-२-आर-वाय-१२’ हा तर जखमी पेशीतून गळणारे रसायन हेरणारा ग्राहक आहे. त्याच्या बळावर फांद्या जखमेकडे धावतात. परंतु २०१७ साली अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की, प्रथिनांच्या साठ्यांभोवती गोळा झालेल्या मायक्रोग्लियात या दोन्ही खुणा क्षीण होतात. ज्या रोगात ओळख पटवणे सर्वांत निकडीचे, त्याच रोगात ओळखपत्र हरवते! केवळ या खुणा मोजणारा संशोधक ‘येथे मायक्रोग्लिया उरल्या नाहीत’ असा निष्कर्ष काढील. वस्तुतः त्या तेथेच, वेष पालटून, कामाला लागलेल्या असतील.

तिसरा दोष असंभवाचा. काही वेळा प्रतिपिंड ज्या प्रथिनासाठी विकत घेतले, त्याला न चिकटता भलत्याच पदार्थाला चिकटते. रंग उजळतो, पण तो ज्याची साक्ष देतो ते तेथे नसतेच. यावर उपाय सोपा आहे आणि तो टाळण्याचा मोहही तितकाच मोठा आहे. ज्या उंदरात त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, त्याच्या मेंदूवर तेच प्रतिपिंड सोडून पाहावे. तरीही रंग उजळला, तर खूण खोटी.

मग खरे लक्षण कोणते? एकच खूण पुरी पडत नाही, हे आता बहुतेकांनी मान्य केले आहे. अनेक खुणा एकत्र पाहाव्या लागतात. पेशी कोठे आहे आणि तिचा आकार कसा आहे, हेही विचारात घ्यावे लागते. उंदरात गर्भावस्थेतच पेशींवर पुसली न जाणारी जनुकीय खूण उमटवून त्यांचा वंश पुढे शोधता येतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी मेंदूत ही सोय नसते. तेथे खुणांच्या जुळणीवरच भिस्त ठेवावी लागते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘ट्रेम-२’ नावाच्या जनुकातील काही बदलांमुळे अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१३ साली दिसून आले. मेंदूत हे जनुक मुख्यत्वे मायक्रोग्लियातच कार्यरत असते. तेव्हा या पेशींना आवर घालावा की त्यांना बळ द्यावे, आणि अपाय घरच्या पेशी करतात की पाहुण्या, यावर उपचाराची दिशा अवलंबून आहे. ओळख चुकली, तर औषध भलत्याच दारावर जाईल. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्या घराला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

२०२२ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन असे सुचविले की, ‘विश्रांत’ आणि ‘उत्तेजित’ ही ढोबळ जोडी सोडून द्यावी आणि पेशीची प्रत्यक्ष दिसलेली अवस्था वर्णावी. भाषेच्या अभ्यासकाला ही सूचना मोलाची वाटते. एका खुणेने रंगलेल्या पेशीला ‘मायक्रोग्लिया’ न म्हणता ‘आयबा-१ दाखवणारी पेशी’ म्हणावे, यात पांडित्याचा तोटा नाही. जेवढे पाहिले तेवढेच बोलणे, ही शास्त्राची शिस्त आहे. या शाळेतून प्रयोगशाळेत जाणाऱ्या मुलांनी ती बरोबर न्यावी. जी मुले तेथे जाणार नाहीत, त्यांनाही वर्तमानपत्रातील प्रत्येक नव्या ‘शोधा’ची बातमी वाचताना एवढा प्रश्न विचारता येईल : ज्या खुणेवर हे सारे उभे आहे, ती किती व्यापते आणि किती सोडते?