दप्तराबाहेरचा अभ्यास



आमच्या कुंभार पिंपळगावात एक विद्यार्थी होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. उर्दू असो की मराठी, शाळेचा फळा तोच लिहीत असे. चित्रकलेच्या सरांनी त्याला रेखाकला परीक्षेला बसायला सांगितले. तो म्हणाला, "सर, चित्रे काढून काय होणार? मला सायन्सला जायचे आहे." पुढे दहावीचा निकाल लागला. गुण चांगले होते. पण त्याला हवे होते त्या कॉलेजची यादी त्याच्यापेक्षा एक टक्का वर थांबली.

त्या एका टक्क्याचा हिशेब समजून घेऊ या.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे प्रवेश देताना गुणांबरोबर खेळ, नाटक, समाजसेवा हेही पाहतात. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश मुख्यतः दहावीच्या गुणांवर होतो. 2025 पासून तर हे प्रवेश सर्व राज्यात ऑनलाइन होऊ लागले. यादी करणाऱ्या संगणकाला तुमचा स्वभाव दिसत नाही.

मात्र काही उपक्रमांचे वाढीव गुण दहावीच्या निकालातच मिळतात. कला संचालनालय एलिमेंटरी व इंटरमिजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा घेते. इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी मिळाल्यास 7, ब श्रेणीस 5 आणि क श्रेणीस 3 गुण मिळतात. 500 पैकी 7 म्हणजे 1.4 टक्के! शिवाय या परीक्षेत अक्षरलेखनही असते. आमच्या त्या विद्यार्थ्याला ते किती सोपे गेले असते! खेळ, शास्त्रीय कला आणि लोककला यांनाही ठरलेल्या नियमांनुसार सवलतीचे गुण आहेत. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत मंडळाकडे जावा लागतो. म्हणून दहावीत जागे होऊन उपयोग नाही; तयारी आठवीपासूनच हवी.

मग उपक्रम केवळ गुणांसाठी करायचे का? मुळीच नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीला मराठी बोलायची फार भीती वाटे. प्रजासत्ताक दिनी सूत्रसंचालन करायला सांगितले, तेव्हा ती रडू लागली. पण मैत्रिणींनी तिच्याकडून रोज मधल्या सुट्टीत सराव करून घेतला. कार्यक्रमात ती दोनदा अडखळली, तरी शेवटपर्यंत बोलली. तिला एकही वाढीव गुण मिळाला नाही. पुढे कॉलेजात सर्व वर्ग मराठीतून सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात तिने उभे राहून शंका विचारली. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलामुलींना हे धैर्य किती लागते, ते मला ठाऊक आहे.

कॉलेजातही हा अभ्यास थांबत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. राष्ट्रीय छात्रसेना तर 1948 पासूनची. छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पात्र पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय सैन्यातील अधिकारीपदाच्या मुलाखतीची संधी मिळते. शाळेच्या मैदानावर लागलेली शिस्त अशी पुढे कामी येते.

मित्रांनो, दहा ठिकाणी नाव देऊ नका. अभ्यास सांभाळा, आणि एकच उपक्रम मनापासून निवडा. शाळेचे काम आपले समजून करा. प्रवेशाची यादी एक दिवस लागते. अंगी आलेला गुण जन्मभर सोबत राहतो.

शब्दार्थ
उपक्रम – सरगर्मी
सवलत – रिआयत
श्रेणी – दर्जा
अक्षरलेखन – खुशखती
सूत्रसंचालन – निजामत

स्वाध्याय
1. विद्यार्थ्याने रेखाकला परीक्षा का दिली नाही? त्याचे काय नुकसान झाले?
2. वाढीव गुण न मिळताही विद्यार्थिनीचा कोणता फायदा झाला?
3. 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.