आधी हात, मग औषध

पिल्लाच्या अंगावर चट्टा दिसला की उपाय सांगायला दहा जण जमतात. तो चट्टा कशाचा आहे, हे बघणारा एखादाच निघतो.

ठमी आमच्याकडे आली ती जुलैच्या झडीत. सोसायटीच्या जिन्याखाली भिजलेल्या खोक्यात कुडकुडत बसली होती. वय तीनेक महिने, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि डाव्या डोळ्याच्या वर रुपयाएवढं टक्कल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाच उपाय जमा झाले. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, लूत आहे ती. गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडा, चार दिवसांत साफ." सासूबाईंनी करंजेल सुचवलं. दूधवाल्या दादांनी गोठ्यात मारायचं गोचिडांचं औषध बाटलीच्या झाकणात आणून दिलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, फरशीच्या बादलीत टाकतो ते जंतुनाशक अंघोळीच्या पाण्यात घाल. पाचवा सल्ला मोबाइलवर आला: आयव्हरमेक्टिनचं एक इंजेक्शन दे आणि मोकळी हो.

जनावरांच्या डॉक्टरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चट्ट्यावरची कातडी चिमटीत धरून दाबली, ब्लेडवर तेलाचा थेंब घेऊन हलक्या हाताने खरवडलं, जे निघालं ते काचपट्टीवर पसरलं आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. भिंगाखाली विडीसारखा लांबुळका एक जीव होता, पुढच्या बाजूला आखूड पायांच्या चार जोड्या. "हा डेमोडेक्स. जंताचं औषध देतो, खाणं नीट ठेवा, तीन आठवड्यांनी दाखवा. चट्ट्याला काही लावायचं नाही." फी देऊन रिकाम्या हाताने बाहेर पडताना, खरं सांगते, थोडं फसवल्यासारखंच वाटलं.

एक शब्द, अनेक दुखणी

'लूत' हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. कुत्र्याचे केस गेले, कातडी दिसायला लागली, की लूत. पण त्या एका शब्दाच्या पोटात निदान तीन वेगळी दुखणी असतात आणि तिघांचे उपाय तीन तऱ्हांचे.

डेमोडेक्स जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतो. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध पिताना, आईच्या अंगावरून तो पिल्लावर येतो आणि केसांच्या मुळाशी निमूट राहतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून कोवळी असते. त्यात जंत, उपासमार, पावसाचा मारा यांची भर पडली की त्याची संख्या वाढते आणि डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर एक-दोन टकलं पडतात. खाज फारशी नसते. हा माणसाला लागत नाही, आणि चट्टे थोडेच असतील तर बहुतेक पिल्लं आपोआप बरी होतात. अंगभर पसरला तर मात्र गंभीर दुखणं, आणि त्यावर आता गोळ्यांचे चांगले उपचार आहेत.

दुसरी ती खरी खरूज, सार्कोप्टीस नावाच्या किडीची. ही कीड कातडीत बोगदे करून राहते. पिल्लू रात्रंदिवस खाजवतं. कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे खपल्यांनी भरतात. घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावरही खाजरे पुरळ उठतात. इथे वाट बघत बसायचं नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकदम औषध द्यावं लागतं.

तिसरा गजकर्ण, म्हणजे बुरशी. गोलसर चट्टा, कडेला कोंडा, मोडके केस. हा मुलांना पटकन लागतो, त्यामुळे निदान होईपर्यंत मांडीवर घेणं बंद.

आता गंमत बघा. खाज थांबवायचं म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर पिल्लू दोन दिवस शांत झोपतं आणि डेमोडेक्स असो की बुरशी, दोघांनाही मोकळं रान मिळतं. आयव्हरमेक्टिन हे तर मोठंच औषध; ज्या शोधातून ते आलं, त्याला २०१५ सालचं नोबेल मिळालं. पण गुराच्या वजनाला बेतलेली बाटली आणि दोन किलोचं पिल्लू यांचा हिशेब अंदाजाने करायचा नसतो. शिवाय कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं लुळं पडतं, प्रसंगी दगावतं.

या तिघांखेरीज पिल्लाच्या पोटावर, मांड्यांच्या आत, जिथे केस कमी असतात तिथे, पिवळ्या तोंडाच्या बारीक पुटकुळ्या उठतात. त्या बघून घाबरायचं कारण नाही. अंथरूण कोरडं आणि जागा स्वच्छ ठेवली की बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. मात्र चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं तोंड, पापण्या आणि गळ्याच्या गाठी एकाएकी सुजल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

साबण कुणाचा, कातडी कुणाची

आपल्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर असतात. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत जेमतेम तीन ते पाच. वरचं संरक्षण असतं ते केसांचं आणि कातडीतून पाझरणाऱ्या तेलाचं. आपली त्वचा आम्ल, त्याची त्या मानाने उदासीन, म्हणून आपला शाम्पू त्याला मानवत नाही. तेल धुऊन निघतं, कातडी कोरडी पडते, कोंडा होतो. कोंडा दिसला म्हणून आपण पुन्हा अंघोळ घालतो, आणि कोंडा वाढतच जातो.

दुसरी गोष्ट, पिल्लू स्वतःला चाटतं. अंगाला लावलेलं सगळं थोड्या वेळाने पोटात जातं. जळकं ऑइल, कापूर, टी-ट्री तेल, जंतुनाशक द्रव यांतलं काहीच चाटण्याजोगं नाही. गोठ्यातलं गोचिडांचं औषध तर पाण्यात मिसळून गाईला लावायचं. ते नेमकं न मोजता पिल्लाला चोळलं तर लाळ गळते, थरथर सुटते, झटकेही येऊ शकतात. दादांनी प्रेमाने आणलेलं ते झाकण मी तितक्याच प्रेमाने परत केलं. फिनेलची बादलीही यातलीच. ओल्या फरशीवर पोट टेकून झोपलेल्या पिल्लाच्या पोटावर लाल पुरळ आलं की दोष बहुधा फरशीचा असतो.

दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावं. पुढे कुत्र्याच्या शाम्पूने महिन्याकाठी एखादी अंघोळ पुष्कळ झाली. पाणी कोमट हवं, फेस पूर्ण निघाला पाहिजे आणि अंग मुळापासून कोरडं झालं पाहिजे. पावसाळ्यात हे शेवटचंच अवघड जातं. वरून सुकलेलं दिसतं. काखेत, बोटांच्या बेचक्यांत, कानामागे ओल राहते. तिथे बुरशी आणि जिवाणू धरतात आणि आंबूस वास सुटतो. बाहेरून आलं की पाय पुसायला दारातच जुना पंचा अडकवून ठेवा.

ओल्या कागदाची परीक्षा

पिसवा आहेत की नाही हे कळायला पिसू दिसावीच लागते असं नाही. उवांची बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या मुळापाशी आणि पाठीवर फिरवा. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कण नुसताच काळा राहिला तर माती.

कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे थोडकाच भाग असतो. अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात: सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, अंथरुणात. म्हणून नुसत्या पिल्लाला औषध लावून भागत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुणं, कानाकोपऱ्यातून झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवणं आठवडे-आठवडे चालू ठेवावं लागतं. पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लाला रक्तक्षय होतो, आणि पिसू गिळली की पोटात फितकृमी होतात.

गोचीड त्याहून चिवट. आपल्याकडच्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड माणसाच्या घराला सरावलेली आहे. रक्त पिऊन टरारलेली मादी गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. ती काढताना काडी पेटवायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची; नखाने चिरडायची नाही. नंतरच्या काही आठवड्यांत ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहाच्या रंगाची लघवी दिसली तर रक्त तपासून घ्यावं, कारण एर्लिकिया आणि बबेसिया गोचिडाच्याच चाव्यातून येतात.

पिसवा-गोचिडांच्या औषधांवर वय आणि वजन छापलेलं असतं, ते वाचूनच घ्यायचं. घरात मांजर असेल तर डब्यावर 'पर्मेथ्रिन' आहे का तेही बघायचं. मांजराला ते विष आहे.

ताटातून केसांत

केस म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन. वाढत्या पिल्लाच्या रोजच्या प्रथिनांतला पाव ते तिसरा हिस्सा एकट्या कातडीला आणि केसांना लागू शकतो. दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाच्या अंगी हा हिशेब कसा बसणार? केस निस्तेज, राठ होतात. त्यात पोटात जंत असले तर खाल्लेलं त्यांच्याच वाट्याला. म्हणून कातडीचा उपचार कितीदा जंताच्या औषधाने सुरू होतो.

पिल्लासाठी बनवलेलं चांगलं कोरडं खाणं देत असाल तर वर काही घालायची गरज नसते. घरचं देत असाल तर उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं हवं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक बायोटिन अडवतो. कातडीला लागणारं लिनोलिक आम्ल आपल्या करडईच्या तेलात भरपूर असतं. पिल्लाला चहाचा अर्धा चमचा पुरे, जास्त झालं तर हगवण. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांना तारली स्वस्तात मिळते. काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली तारली केसांना फार चांगली. कांदा-लसूण मात्र कुठल्याच रूपात नको.

रोजची पाच मिनिटं

आमच्याकडे रात्रीच्या बातम्या लागल्या की ठमी पालथी पडते. मी डोळे बंद करून हात फिरवते: कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, प्रत्येक बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. न बघता हात फिरवला की डाळीच्या दाण्याएवढी गोचीड, एखादी खपली, गरम लागणारी जागा बोटांना आधी कळते. कान एकदा हुंगून बघायचा. आखूड केसांच्या पिल्लाला आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पुरतो, लांब केसांच्याला रोज विंचरावं लागतं. चार-सहा महिन्यांचं झाल्यावर लव झडून मोठेपणीचे केस येतात. तेव्हा घरभर पुंजके उडाले तरी आजार समजायचं नाही. आणि उन्हाळा आला म्हणून दुहेरी केसांच्या जातींची हजामत करायची नाही. तीच लोकर ऊनही अडवते.

तीन आठवड्यांनी ठमीच्या डोळ्यावर मखमलीसारखी लव उगवली होती, सहाव्या आठवड्यात चट्टा शोधावा लागत होता. वॉचमनकाकांनी तिला उचलून उजेडात धरलं, अंगठ्याने भुवई चोळून बघितली आणि खूष होऊन म्हणाले, "बघा, सांगितलं नव्हतं? कुठल्या गॅरेजमधलं आणलंत?"

"काहीच लावलं नाही, काका."

त्यांचा अजूनही विश्वास बसलेला नाही.