स्पोर्ट मोटारसायकलच्या मागील टायरची रुंदी

स्पोर्ट मोटारसायकलच्या मागील टायरची रुंदी म्हणजे ठरावीक रिमवर बसवून हवा भरलेल्या टायरच्या आडव्या छेदाचे मिलिमीटरमधील नाममात्र माप होय. टायर जितका रुंद तितकी पकड अधिक, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात योग्य रुंदी प्रामुख्याने रिमच्या रुंदीवरून ठरते आणि रिम न बदलता टायर रुंद केल्यास वाहनाची हाताळणी बहुधा बिघडते.

मापाचे वाचन

टायरच्या बाजूवर ‘१८०/५५ झेडआर १७ ७३डब्ल्यू’ अशा स्वरूपात माप छापलेले असते. यात १८० ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण आणि १७ हा रिमचा इंचांमधील व्यास होय. ‘आर’ हे अक्षर रेडिअल बांधणी दर्शविते. ७३ हा भारांक ३६५ किलोग्रॅम भारक्षमता, तर ‘डब्ल्यू’ हे अक्षर ताशी २७० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते.

रुंदी बदलताना उंचीच्या प्रमाणाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. १८०/५५ टायरची उंची ९९ मिमी, १९०/५० ची ९५ मिमी, तर १९०/५५ ची १०४.५ मिमी भरते. म्हणजे १८०/५५ काढून १९०/५० बसविल्यास मोटारसायकलची मागील बाजू सुमारे ४ मिमी खाली जाते आणि १९०/५५ बसविल्यास सुमारे साडेपाच मिमी वर उचलली जाते. मागील बाजू उचलली गेली की पुढचा काटा अधिक उभा होतो, ट्रेल कमी होते व हँडल चपळ, पण कमी स्थिर होते. अनेकांना ‘रुंद टायरमुळे गाडी चटकन वळते’ असा जो अनुभव येतो, त्यामागे बहुतेक वेळा रुंदी नसून ही वाढलेली उंची असते. चाकाचा परीघ बदलल्याने एबीएस व ट्रॅक्शन कंट्रोल यांच्या दोन्ही चाकांच्या वेगाच्या तुलनेतही फरक पडतो.

रिमशी असलेला संबंध

प्रत्येक टायरची नाममात्र रुंदी विशिष्ट मोजमाप-रिमवर धरलेली असते. १६०/६० साठी ती ४.५ इंच, १८०/५५ साठी ५.५ इंच आणि १९०/५५ साठी ६ इंच आहे. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारणपणे ५ मिमीने बदलते.

पुण्याजवळील चाकण येथे बनणारी केटीएम ३९० ड्यूक हे याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या मागील रिमची रुंदी ४ इंच असून मूळ टायर १५०/६० मापाचा असतो. त्यावर १६०/६० चढविल्यास तो आवळला जाऊन साधारण १५५ मिमी भरतो. दहा मिलिमीटरसाठी पैसे मोजून पाचच पदरात पडतात. शिवाय आवळलेल्या टायरचा मध्यभाग टोकदार होतो आणि कडा बाजूंकडे ओढल्या जातात. पूर्ण झुकावातही त्या कडा रस्त्याला टेकत नाहीत. कडेच्या न झिजलेल्या पट्टीवरून चालकाचे कौशल्य जोखण्याची हौशी मंडळींची रीत अशा वेळी निरर्थक ठरते.

वळण आणि पकड

सरळ जाताना टायर मध्यरेषेवर टेकतो. झुकल्यावर टेकण्याची जागा कडेकडे सरकते. टायर जितका रुंद, तितकी ती अधिक सरकते, आणि त्याच वेगाने तेच वळण घेण्यासाठी वाहन जास्त झुकवावे लागते. गुरुत्वमध्य ६०० मिमी उंचीवर आणि आदर्श झुकाव ४५ अंश धरून, दोन्ही टायर सारखेच रुंद व छेद वर्तुळाकार मानल्यास, १५० मिमी टायरला सुमारे ५.८ अंश आणि १९० मिमी टायरला सुमारे ७.६ अंश अधिक झुकाव लागतो.

रस्त्याशी होणाऱ्या स्पर्शाचे क्षेत्रफळ मुख्यतः भार व हवेचा दाब यांवर अवलंबून असते. रुंदी वाढल्याने ते फारसे वाढत नाही, आडवे पसरते व लांबीला आखूड होते. पाणी साचलेल्या रस्त्यावर अशा आखूड व रुंद ठशाला पाणी बाजूला सारणे जड जाते. रुंद टायरचा खरा लाभ जास्त शक्तीच्या इंजिनांना होतो: जास्त रबरामुळे उष्णता विभागली जाते आणि वळणातून बाहेर पडताना जोराच्या प्रवेगात टायर लवकर तापून घसरत नाही. २०० घन सेंटिमीटरच्या वाहनात ती शक्तीच नसते. तेथे केवळ वजन वाढते.

निर्मात्यांनी केलेले बदल

१९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर७५० ला मागे १४०/७०-१८ मापाचा टायर होता. २०१२ च्या डुकाटी ११९९ पानिगालेला २००/५५ टायर दिला गेला, तोही ६ इंची रिमसह. भारतात २००८ साली आलेल्या यामाहा आर१५ चा १००/८०-१७ हा मागील टायर अनेकांना बारीक वाटे. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो १३०/७०-१७ झाला. त्याबरोबर रिम रुंद करण्यात आली आणि स्विंगआर्मही बदलण्यात आला.

बसविण्यातील अडचणी

रुंद टायर प्रथम साखळी, चेनगार्ड किंवा स्विंगआर्म यांना घासण्याची शक्यता असते. वेगात टायर केंद्रापसारी बलाने किंचित फुगतो, त्यामुळे उभ्या वाहनात दिसणारी काही मिलिमीटरची फट पुरेशी मानता येत नाही. साखळी ताणण्यासाठी चाक पुढेमागे सरकवले जात असल्याने ही फट चाक सर्वांत पुढे असताना मोजावी लागते.