दुर्गाबाई खोटे : रूढ समज आणि वस्तुस्थिती

दुर्गाबाई खोटे यांचे नाव निघताच बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनश्चक्षूंपुढे 1960 च्या 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाई, पती आणि पुत्र यांच्या कलहात सापडलेली ती सम्राज्ञी, उभी राहते. आणि त्या एका भूमिकेचा प्रभाव असा विलक्षण की दुर्गाबाई म्हणजे हिंदी चित्रपटातील सोशिक माता, असा समज होऊन त्यापूर्वीची जवळजवळ तीस वर्षांची कारकीर्द लोकस्मृतीच्या दप्तरातून गहाळ झाली आहे. वास्तविक ज्या काळात त्या नायिका होत्या, त्या काळात त्यांच्या वाट्याला आलेल्या स्त्रिया बहुधा तेजस्वी आणि करारी होत्या. 1936 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने काढलेल्या, दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या 'अमर ज्योती'मधील सौदामिनी पोटच्या मुलाचा ताबा नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध बंड पुकारते आणि समुद्रावर चाच्यांची नायिका होते. सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ'मधील मृणालवती तर अभिमानी आणि कठोर अशी राजभगिनी आहे. या दोन भूमिका ज्याने पाहिल्या, तो दुर्गाबाईंना केवळ वात्सल्यमूर्ती म्हणून संबोधण्यास खचित धजणार नाही.

दुसरा समज असा, की घरंदाज कुटुंबातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री म्हणजे दुर्गाबाई. मुंबईच्या सुशिक्षित लाड घराण्यात 1905 साली जन्मलेली, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली आणि खोट्यांच्या संपन्न घरात सून म्हणून गेलेली स्त्री पडद्यावर आली, याचा समाजाला केवढा धक्का बसला असेल, हे आज समजून घेणेही कठीण आहे. तथापि दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये 1913 सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढे कमलाबाई गोखले म्हणून विख्यात झालेल्या अभिनेत्री, यांनी कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे धैर्य दाखविले होते. खोटेबाईंचे कर्तृत्व स्वयंसिद्ध आहे, आणि त्याच्या गौरवासाठी या मायलेकींचा हक्क हिरावून घेण्याचे काही प्रयोजन नाही.

खोटेबाई हौसेखातर या व्यवसायात आल्या, असेही म्हटले जाते. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हा आक्षेप क्षणभरही टिकणारा वाटणार नाही: सासरचे वैभव लयास गेले, पदरी दोन लहान मुलगे, आणि निर्वाहाची निकड, यांतून हा मार्ग निघाला. तसेच, अनेकांना वाटते तसा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा पहिला चित्रपट नव्हे. त्याच्या आधी, 1931 साली, मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी लहानशी भूमिका केली होती, आणि त्या चित्रपटाने त्यांच्या पदरात यशापेक्षा लोकनिंदाच अधिक टाकली. पुढच्याच वर्षी प्रभातच्या त्या पौराणिक बोलपटात तारामती होऊन त्यांनी निंदकांची तोंडे बंद केली. शिवाय पार्श्वगायनाची सोय नसलेल्या त्या दिवसांत आपली गाणी त्यांना स्वतःच गावी लागली.

एखाद्या कंपनीशी करारनामा करून तिच्या आश्रयाला राहण्याचा त्या काळचा रिवाज त्यांनी पाळला नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रभातमध्ये कीर्ती मिळाल्यावरही त्या कलकत्त्याला गेल्या. तेथे देवकी बोस यांच्या हाताखाली न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा' आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी 'सीता' केला, आणि पुन्हा प्रभातकडे आल्या त्या 'अमर ज्योती'साठी. स्वतःच्या मेहनतीची किंमत स्वतः ठरविणारी अशी स्त्री त्या दशकात अपवादानेच आढळे.

चित्रपटामुळे रंगभूमीशी त्यांचा संबंध उरला नाही, हे म्हणणेही निराधार आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी दीर्घकाळ काम केले, शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटक यांच्यासमवेत त्या उभ्या राहिल्या, आणि 1961 साली दिल्लीच्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. उतारवयात त्या निवृत्त झाल्या असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की 1988 साली दूरदर्शनवर घरोघरी पोहोचलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची होती.

1991 साली त्यांचे निधन झाले. त्याच्या काही वर्षे आधी, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला होता. पण पुरस्कारांच्या यादीवरून अभिनेत्रीची थोरवी कळत नाही. वाचकांनी 'अमर ज्योती' मिळवून एकवार अवश्य पाहावा, आणि मगच दुर्गाबाईंविषयी आपले मत बनवावे.